खिडकीच्या उजेडात

घरगुती समारंभात मी फ्लॅश मारत नाही. खिडकीच्या उजेडावर भागवतो. माणसं बुजत नाहीत, गप्पांत रमली की कॅमेऱ्याला विसरतात आणि फोटो खरे येतात.

लेकीच्या लग्नाला वर्ष झालं म्हणून ज्यांनी मला बोलावलं होतं, त्या बाई दुकानात फोटो निवडायला आल्या.

"अगंबाई, हिचे डोळे मिटलेत. दुसरा दाखवा."

पहिल्यात जावयानं फुगा बांधायला हात वर केला होता. दुसऱ्यात तो लांबच्या मित्राला हात करत होता. शेजारी लेकीचे डोळे मिटलेले. तिसऱ्यात तो तिच्या कपाळावरची बट सारायला गेला होता. तिचे डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यांत ओढलेली. मागे सगळे खिदळत होते.

बाई त्या फोटोकडे बघत राहिल्या.

"फ्लॅशनं झालं असेल."

"ताई, मी फ्लॅश वापरलाच नाही."

"माहितीये हो मला." त्यांनी फोटो पालथा ठेवला. "पण कुणी विचारलं, तर फ्लॅशच होता म्हणा. माझ्या वेळी माझ्या आईनंही फोटोवाल्याला हेच सांगायला लावलं होतं."