पोपटी

“हलू नका हं, मावशी,” असं म्हणून मी ईझलखाली पसरलेल्या वर्तमानपत्रात पुन्हा डोकं घातलं. पोर्ट्रेटच्या वर्गात माझं चित्र नेहमी मागे राहतं ते या खालच्या बातम्यांपायी. कुणी नटी म्हणे स्वतःच्या मांजराच्या लग्नात नऊवारी नेसून नाचली. रंग कालवता कालवता मला ते लग्न दिसायला लागलं; अंतरपाट धरलेला आणि नवरी मांजर खिडकीच्या पडद्यावर चढलेली.

समोर मॉडेल म्हणून बसलेल्या हौसामावशींचा चेहरा मात्र अगदी कोरा होता. त्या जरा खुलतील म्हणून मी त्यांनाही एक छोटी जाहिरात वाचून दाखवली. “पोपट हरवला आहे. रात्रीच्या मालिकेचं शीर्षकगीत म्हणतो. जाहिराती लागल्या की गप्प बसतो.” मला हसू आवरेना. “पोपटासाठी कोण पेपरात जाहिरात देतं हो?”

“मी दिली,” मावशी म्हणाल्या. त्यांनी मानही हलवली नाही, फक्त डोळे भरून आले.

मी हिरव्यात पिवळा मिसळत राहिले, नेमका पोपटी उतरेपर्यंत. मग कागदावरच्या त्यांच्या रिकाम्या खांद्यावर एक ठिपका ठेवला.

“मालिका बघताना तो मान कशी करायचा, मावशी?”

सकाळपासून न हललेल्या मावशींनी मान हळूच खांद्याकडे कलती केली आणि डोळे मिटून ते शीर्षकगीत गुणगुणायला लागल्या. अर्ध्यावर येऊन गप्प झाल्या.

मी ब्रश खाली ठेवून थांबले. जाहिराती लागल्या असणार.