दुसरा नारळ

रविवार असल्यामुळे वाघाच्या जबड्यात बसायला चांगलीच रांग लागली होती. तळोद्याच्या रस्त्यावरच्या त्या प्राणीबागेत हत्तीच्या सोंडेतून घसरगुंडी होती, मगरीच्या पाठीवर बसून तळ्यात चक्कर होती, अस्वलाच्या पोटात उड्या मारायची गादी होती. पण पोरांचा सगळा जीव त्या फायबरच्या वाघात. जबड्यात बसायचं, बटण दाबायचं, की वाघ डरकाळी फोडायचा आणि समोर मोबाइल धरलेल्या आयाच आधी किंचाळायच्या.

गोवाल रांगेत नव्हता. नातीचा, संध्याचा हात घट्ट धरून तो कुंपणापाशी उभा होता. काखेतल्या पिशवीत नारळ, मूठभर ज्वारी, शेंदराची पुडी आणि मोहाच्या दारूची बाटली होती. संध्या मात्र डोळे फाडून वाघाकडे बघत होती. "आजा, मला कधी बसवशील?" तिनं सकाळपासून भुणभुण लावली होती.

महिन्यापूर्वी उसाच्या कडेला बसलेल्या तिच्या भावाला, ईश्वरला, बिबट्यानं उचलून नेलं. बिबट्याला गोवालची माणसं वाघच म्हणतात. पिंजरा लावून झाला, आत बोकड बांधून झाला. बोकड खाऊनपिऊन गलेलठ्ठ झाला, वाघ काही तिकडे फिरकला नाही. परवा मात्र तो झोपडीच्या मागे येऊन गेला. ओल्या मातीत पंजे उमटले होते. घरात आता हे एकच पोर उरलं होतं.

डोंगरात असता तर तो सरळ वाघदेवाकडे गेला असता. वाघानं माणूस नेला की घरातल्या म्हाताऱ्यानं देवापुढे त्या एका जीवापोटी एकदाच नारळ-दारू ठेवायची आणि सांगायचं, तुझं तू घेतलंस, आता वाट बदल. पण वाघदेवाचा दगड गावासकट धरणाच्या पाण्याखाली गेला होता. इकडे सपाटीवर वसाहतीत घर मिळालं, देव कोण देणार? फिरून फिरून गोवालला हा वाघ दिसला. तो फायबरचा आहे हे त्याला कळत होतं. म्हातारा खुळा नव्हता. पण तिकडे तरी काय होतं, दगडच होता ना! शेंदूर आपणच लावला होता.

बागेचा मालक हेमकांत पाटील. गोवाल त्याच्याच केळीत कामाला जायचा. म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, तर पाटील उलट खूश झाला. "कर ना बाबा! पण रविवारले कर. गर्दी ऱ्हास."

आता पाटलानं स्वतः रांग थांबवली आणि हाक मारली, "ये बाबा, आते कर."

गोवालनं वाघाच्या कपाळाला शेंदूर लावला. पळसाच्या पानावर ज्वारी ठेवली, दारूची धार सोडली, नारळ फोडला. मग गुडघ्यांवर बसून तो आपल्या भाषेत पुटपुटत राहिला. एक घेतलास, तुझं पोट भरलं. ही एवढी मला राहू दे. आमच्या दारावरून येऊ नकोस. बोलता बोलता म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. महिनाभर तो नुसता कुऱ्हाड उशाला घेऊन पडत होता. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरीसाठी आपण काहीतरी केलं. छातीवरचं ओझं उतरलं. तो उठला, धोतराला लागलेली माती त्यानं झटकली.

"थांब, थांब!" मोबाइलमध्ये बघत पाटील पुढे आला. "मधमा एक बाई उभी ऱ्हायनी, काहीच नही दिसनं. आखो एकदाव कर." मग त्याची नजर संध्यावर गेली. "ये वं पोर, तू वाघना तोंडमा बस. व्हिडिओ भारी दिखी."

संध्याला दुसरं काय हवं होतं! हात सोडवून ती धावली आणि जबड्यात जाऊन बसलीसुद्धा.

गोवाल पाटलापुढे आला. "नही पाटील," तो हात जोडत म्हणाला. "हाई पूजा एक जीवनी एकच ऱ्हास. आखो करी ते आखो एक पोर देनं पडी."

पाटील मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. "हाऊ काय खरा वाघ शे का, बाबा?" त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू थकना. ऱ्हाऊ दे, मीच फोडस."

चहाच्या टपरीवरून कुणीतरी दुसरा नारळ आणून दिला. गोवाल नातीकडे झेपावला, तसं गर्दीतल्या चौघांनी त्याला प्रेमानंच धरलं. "बाबा, बाजूला व्हा. मध्ये येताय तुम्ही."

संध्यानं बटण दाबलं. वाघानं डरकाळी फोडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पाटलानं नारळ आपटला. पाणी संध्याच्या अनवाणी पायांवर उडालं, तशी ती खिदळली.