एरिबेर्तोची दुसरी जीप

"फुटबोर्ड सोडून बाकी सगळं करून देतो," एलादियो म्हणाला. "टपावर कॅरियर, आत समोरासमोर बाकं, वर ताडपत्री. पण फुटबोर्ड मी बसवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, कंपाद्रे."

एरिबेर्तोने हॅट काढून बॉनेटवर ठेवली. जीप लष्कराने लिलावात काढलेली होती. हिरवा रंग पोपडे धरून उडालेला, आणि काचेखाली बंदूक अडकवायची पट्टी अजून तशीच.

"फुटबोर्डाशिवाय कालार्कात जीप चालते होय? बाजाराच्या दिवशी मळ्यातली माणसं काय माझ्या डोक्यावर बसतील?"

"पुढच्या गल्लीत बसवून देतात."

"मला इथेच हवाय. आणि जोड निकानोरने मारायचा."

एलादियोच्या हातातला पाना तसाच राहिला. त्या गॅरेजात ते नाव एकोणीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

निकानोर त्याचा धाकटा भाऊ. एरिबेर्तोच्या पहिल्या जीपचा फुटबोर्ड त्यानेच जोडला होता. तीन महिन्यांनी, कॉफीची पोती घेऊन एरिबेर्तो घाट उतरत असताना, एका वळणावर फुटबोर्ड तुटला आणि त्यावर उभी असलेली नऊ वर्षांची रोसाल्बा दरीत गेली, अशी बातमी आली. एरिबेर्तोची एकुलती एक लेक. बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरलं होतं एलादियोने. तेव्हापासून दोघं एकमेकांना कंपाद्रे म्हणत.

फौजदाराने लांबूनच फुटबोर्डाचा तुटका पाइप पाहिला आणि कागदावर लिहिलं, जोड कच्चा. एलादियोला तेवढंही पाहवलं नाही. दफनाहून परतल्यावर त्याने भर चौकात निकानोरच्या मुस्काटात मारली. निकानोर एका शब्दाने बोलला नाही. त्या गप्प बसण्याचाच एलादियोला जास्त संताप आला. चूक नसती तर माणूस काहीतरी बोलला असता. संध्याकाळच्या आत त्याने भावाची पिशवी रस्त्यावर टाकली.

एरिबेर्तोने मात्र तक्रार केली नाही. "हात कुणाचाही चुकतो," एवढंच म्हणाला, आणि पुढच्या रविवारी देवळात एलादियोच्याच बाकावर येऊन बसला. सगळं गाव त्याला नावाजायचं. त्याच्यासमोर आपण चार बोटं खुजे आहोत, असं एलादियोला नेहमी वाटायचं.

आता तो माणूस स्वतः निकानोरला बोलवा म्हणत होता. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

पत्र गेलं. चौथ्या दिवशी निकानोर सेविल्या गावाहून आलेल्या बसमधून उतरला. केस पांढरे झाले होते. हातात वेल्डिंगचा मुखवटा आणि जुनीच पिशवी.

"जेवलास?" एलादियोने विचारलं.

"बसमध्ये मक्याचा अरेपा खाल्ला."

"गुळाचं पाणी ठेवतो."

"ठेव."

आईचा विषय दोघांनीही काढला नाही. शेवटचे आठ दिवस ती निकानोरचा धोशा लावून होती. एलादियोने त्याला कळवलं ते तिला पुरून आल्यावर.

निकानोरने कामाला हात घातला. बंदुकीची पट्टी काढली. मागे पेट्रोलचा डबा अडकवायची चौकट होती, ती कापली. जादा चाक मागून काढून बाजूला घेतलं. मग फुटबोर्डासाठी त्याने जी प्लेट निवडली, ती बघून एलादियोला राहवलं नाही.

"एवढी जाड? रणगाडा करतोयस का?"

"लष्कराचीच गाडी आहे. उद्या परत बोलावलं तर तयार असू दे."

दोघंही हसले, आणि हसल्याचं लक्षात येताच दोघांनीही माना खाली घातल्या. एलादियोला आठवलं, लहानपणी हा असाच जीभ बाहेर काढून काम करायचा. अजूनही काढत होता. एवढी वर्षं हे बघायचं राहून गेलं, असं त्याच्या मनात आलं.

शनिवारी जीप उभी राहिली. वर नवी ताडपत्री, आत बाकं, आरशाशेजारी कार्मेनमातेची तसबीर. एरिबेर्तो आला, तो थेट मागे गेला. काठी बाजूला ठेवून तो फुटबोर्डावर चढला आणि वरचा दांडा धरून बराच वेळ उभा राहिला. प्लेट हललीसुद्धा नाही.

खाली उतरल्यावर त्याने निकानोरला मिठी मारली. म्हातारा गदगदून रडत होता. त्याच्या खांद्यात तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत होता. एलादियोला शब्द कळले नाहीत. निकानोर त्याची पाठ थोपटत राहिला.

"झालं ते झालं," निकानोर म्हणाला. "जा आता. वळणावर हळू घ्या."

जीप चौक ओलांडून दिसेनाशी झाली. एलादियोने डोळे पुसले.

"याला म्हणतात काळीज," तो म्हणाला. "पोटची पोर गेली, तरी तुला पोटाशी धरून माफ करून गेला. आणि मी सख्खा भाऊ असून इतकी वर्षं अडून बसलो. मीही तुला माफ केलं, निका. मनापासून."

निकानोरने हातमोजे काढले, झटकले, पिशवीत घातले.

"माझा जोड शाबूत होता, दादा," तो म्हणाला. "एरिबेर्तोने वळण भरधाव घेतलं, पोर उडून पडली. पाइप त्याने नंतर कापलाय, जोडाच्या वीतभर वर, करवतीने. दात्यांच्या खुणा मी दफनाच्याच दिवशी बघितल्या. पण सकाळी लेक पुरून आलेल्या बापाला काय विचारायचं?"

निकानोरने पिशवी खांद्याला लावली.

"आत्ता तो माफी देत नव्हता," तो म्हणाला. "मागत होता."