सातारा संघाची पहिली निवड

मृण्मयीच्या खेळावरून घडवलेली संगणकातली मृण्मयी आभासी हॉकी लीगमध्ये नव्या सातारा संघाची पहिली निवड होती. ती फसली, तर खऱ्या मृण्मयीलाही हॉकीचे सर शाळेच्या संघातून काढणार होते.

"नव्या संघांच्या पहिल्या निवडी फसतातच गं," तिची मैत्रीण केतकी म्हणाली. "आता संघाबाहेर बसणार ती तूच."

दोघींचा डबा संपेपर्यंत पडद्यावर कितीतरी हंगाम सरले. पडद्यावरची मृण्मयी आता तिशीची, साताऱ्याची कर्णधार होती. अंतिम सामन्यात तिने जीभ बाहेर काढली, अगदी मृण्मयी काढते तशीच, आणि उलट्या स्टिकने विजयी गोल मारला.

केतकी शेवटचा घास गिळायची विसरली. "हा फटका तुला कुठे येतो?"

"येणार आहे," मृण्मयी हळूच म्हणाली आणि स्टिक घेऊन मैदानाकडे पळाली.