आता बास, अप्पा

करपलेली भाकरी. उलटी शिवलेली गणवेशाची बाही. चुकलेली अक्कलकोटची एसटी.

काहीही बिघडलं की हेमावतीच्या डोक्यात तोच खरखरीत आवाज उठायचा, "तुज्यानं काय बी व्हनार न्हाय!"

"हा आवाज कुणाचा वाटतो?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"अप्पांचा. माज्या वडलांचा."

"मग त्यांनाच एकदा समोर बसून सांगा, आता बास."

घरी येऊन ती अप्पांसमोर बसली. "अप्पा, जन्मभर लई घालूनपाडून बोललात की मला. आता बास करा."

अप्पांनी भरल्या डोळ्यांनी तिच्यापुढं दोन्ही हात जोडले.

"म्हाताऱ्या बापाला रडवलंस," डोक्यातला आवाज लगेच म्हणाला. "येवडंच जमतंय तुला."



अप्पांची वाचा हेमावतीच्या जन्माआधीच गेली होती.