खाली बसायचा सराव

"अकरा... बारा... भिंतीला हात नको, सर."

मास्तरांनी हात मागे घेतला. डावा पाय वर होता, उजवा थरथरत होता. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवताना त्यांनी निम्म्या गावाला एका पायावर उभं केलं होतं. आता नातीच्या वयाची ही फिजिओ घरी येऊन त्यांना उभं करत होती, आणि पंधरापर्यंत पोहोचता पोहोचता मास्तरांच्या नाकी नऊ येत होते.

"तोल छान सुधारलाय," ती म्हणाली. "आता जिना जमेल, बागेत फिरणंही जमेल."

"जिना नको नि बाग नको. मला जमिनीवर बसायला शिकव."

तिला हसू आलं. खाली पडू नये म्हणून माणसं तिच्याकडे येत. खाली जायचंय म्हणणारा हा पहिलाच.

मास्तरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे फरशीवर गादी होती आणि गादीवर त्यांची बायको.

वर्षभरापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. तिला ऐसपैस झोपता यावं म्हणून मुलानं मास्तरांची रवानगी समोरच्या खाटेवर केली. तरी एवढ्या मोठ्या पलंगावरून ती दोनदा पडली. मग पलंग गेला, गादी तेवढी जमिनीवर आली. सून तिला रोज मधोमध झोपवायची. चांगल्या हातानं स्वतःला ओढत ती पुन्हा कडेला जायची.

"आई, इतकी जागा असताना अंग चोरून का झोपता?" सून विचारायची. सासूच्या तोंडून आता शब्द क्वचितच फुटत. ती नुसती बघायची. आजारानं डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मास्तरांनीही.

खाटेवरून ते तिच्याकडे बघत राहायचे. चार पावलं पुढे आणि दोन हात खाली, एवढंच अंतर. पण त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. "बाबा, खाली बसलात तर उठवणार कोण?" मुलानं तंबी दिली होती. "तुम्हीही पडलात तर आम्ही कुणाकुणाकडे बघायचं?" त्याचंही बरोबर होतं. मास्तर गादीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि वरूनच दोन शब्द बोलायचे. पन्नास वर्षं शेजारी झोपलेल्या बाईशी असं पाहुण्यासारखं बोलणं त्यांच्या जिवाला लागायचं. तिचा हात हातात घ्यावा असं फार वाटायचं. पण वाकलं की तोल जायचा.

दीड महिना सराव चालला. खुर्ची धरायची, एक गुडघा टेकायचा, मग दुसरा, मग तळहात. आधी दोन उशांवर, मग एका उशीवर, मग नुसत्या चटईवर. दोनदा मास्तर रागावून म्हणाले, "बंद करा हे सगळं." दुसऱ्या दिवशी तेच आधी तयार होऊन बसले.

शेवटी एका दुपारी फिजिओ म्हणाली, "आज गादीपाशी करू या."

मुलगा दारात जीव मुठीत धरून उभा राहिला. मास्तरांनी गादीच्या पायथ्याशी ठेवलेली खुर्ची धरली. एक गुडघा टेकला. दुसरा टेकला. तळहात गादीवर आला आणि मास्तर बसले. त्यांचे डोळे भरून आले.

"शाब्बास, सर. आता उठून दाखवा."

मास्तरांनी ऐकलंच नाही. ते सरकत सरकत भिंतीकडच्या रिकाम्या बाजूला गेले आणि हळूच आडवे झाले. ती जागा त्यांना बरोबर पुरली. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

तिनं डोळे उघडले. शब्द जुळवायला तिला बराच वेळ लागला.

"किती उशीर केलात," ती म्हणाली. "तुमची जागा सोडून झोपायचे... दोनदा पडले मी."