खिशातले पंच

"गाडी उघडली तेव्हा तिथे कोण कोण होतं?" वकीलबाईंनी जाळीजवळ तोंड नेऊन विचारलं.

"मी आणि दोन पोलीस," आतून जावई म्हणाला. "बाकी कुत्रंसुद्धा नव्हतं. भर दुपारची वेळ."

वकीलबाईंच्या मागे सासरा उभा होता. आयुष्यभर पंक्चर काढून त्याची बोटं काळी पडली होती. तुरुंगात मुलाखतीला जायचं म्हणून सकाळी तीनदा साबण लावला, तरी काळी ती काळीच. वकिलासोबत एकाच नातेवाइकाला आत सोडत, म्हणून लेक बाहेर बाकड्यावर बसली होती. तिला सातवा महिना होता. "तुम्हीच जा बाबा," ती म्हणाली होती, "मला बघून ते नुसते रडत बसतील."

जावई टेंपो चालवायचा. त्याला ना आई, ना बाप. लग्नाच्या नोंदणीला त्याच्या बाजूने साक्षीदार मिळेना, तेव्हा सासऱ्यानेच पुढे होऊन सही ठोकली. "मुलगी माझी, जावई माझा, आणि साक्षीदारही मीच!" असं म्हणून तो कचेरी दणाणेल इतका हसला होता. जावयाने त्या कागदाला काच लावून तो दारासमोरच टांगला. येता-जाता बघायचा.

गाडी धरली त्या दुपारी सासरा लेकीकडेच होता. जावयासाठी दोघं जेवायची थांबली होती. झाकलेली ताटं तशीच राहिली.

"मी म्हटलं होतं हो त्यांना," जावई सांगत होता. "साहेब, झडती घ्या, पण आधी पंच बोलवा. बाहेरची दोन माणसं समोर हवीत, तो माझा हक्क आहे. तर साहेब हसले. म्हणाले, पंच आमच्या खिशातच असतात. मग सीटखालून ती नशेच्या पावडरीची पुडी काढली. मॅडम, माझी नाही हो ती!"

"माहीत आहे मला." वकीलबाईंनी पंचनाम्याची प्रत जाळीखालून आत सरकवली. "पहिल्या पंचाचा पत्ता खोटा निघाला. दुसऱ्याचं तर पोलीस नावच लिहायला विसरलेत. नुसती सही आहे. रस्त्याकडेचा कुणी दुकानदार असणार. पोलीस त्याला दुकान लावू देतात, आणि तो हातातलं काम न सोडता कोऱ्या कागदांवर सह्या करून देतो. कुणाच्या गळ्याला फास लागणार आहे, हे त्याला कुठे माहीत असतं! तो कोर्टात येऊन 'मी तिथे नव्हतो' एवढं बोलला, तरी तुम्ही सुटाल. त्याचं दुकान जाईल, वर त्याच्यावरही केस होईल, ते वेगळं. बघा, ओळखीची वाटते का सही?"

जावयाने कागद उचलला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नजर वर केली ती थेट वकीलबाईंच्या खांद्यावरून मागे.

"मामा, बसा ना तुम्ही," तो एकदम म्हणाला. "पाय दुखत असतील."

सासरा बसला नाही.

"नाही मॅडम. नाही ओळखत."

"नीट बघा. दहा वर्षांचा प्रश्न आहे. तोवर तुमचं मूल पाचवीत जाईल."

"बघितली. नाही ओळखत." त्याने कागदाची घडी घालून तो परत सरकवला. "मामा, तिला सांभाळा. आता तिला तुमच्याशिवाय कोण आहे?"

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं आणि जावई पाठ फिरवून आत गेला. पोरगं एवढं वाळलं होतं की सदरा त्याच्या खांद्यांवर नुसता लोंबत होता.

दारापाशी वही होती. "काका, जाताना सही," शिपाई म्हणाला. "येत नसेल तर अंगठा चालेल."

उघड्या दारातून लेक दिसत होती. वडिलांना पाहून ती पोटाला हात लावत, बाकड्याला धरत उठली. "बाबा, काय म्हणाले?"

सासऱ्याने पेन घेतलं. पहिलं अक्षर मोठं, मग लांबलचक शेपटी, खाली दोन टिंबं. त्याने घाई केली नाही. मग वही उचलून वकीलबाईंच्या समोर धरली.

"मॅडम, तो कागद काढा," तो म्हणाला. "जुळवून बघा."